टोपी डोक्यावर असेपर्यंत

४ फेब्रुवारी, बुधवार

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला नवी नोकरी लागली आहे. पगार नाही, पण हुद्दा आहे: रोगी.

हा हुद्दा मी याआधीही भूषवला होता, पण तेव्हा तो खरा होता. आतड्याचा कर्करोग, शस्त्रक्रिया, मग सहा महिने शिरेतून औषधं. शाळेत संस्कृतच्या गुरुजींनी कर्मणी प्रयोग घोकून घेतला होता, त्याचा खरा अर्थ त्या काळात कळला. रोगी तपासला जातो, टोचला जातो, ढकलगाडीवरून नेला जातो. स्वतः काही करत नाही. सव्वा वर्षापूर्वी उपचार संपले आणि मी पुन्हा कर्तरी झालो. म्हणजे पुन्हा वर्तमानपत्रासाठी बातमीपत्रं लिहू लागलो, आणि चालू लागलो, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

आज मोठ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, भेटून जा म्हणून. माझ्यावर उपचार केले त्या याच. जाताना दोन सबबी पाठ करून गेलो होतो, कारण माझी वर्षाची दुर्बिणीची तपासणी नोव्हेंबरात व्हायची होती, ती अजून झालेली नाही. पण बाईंनी तो विषयच काढला नाही. दोन्ही सबबी कोऱ्या करकरीत परत आल्या.

त्यांचं म्हणणं असं. उपचार संपलेल्या माणसाला पुढे कसं जगायचं हे सांगणं हेही डॉक्टराचं काम आहे: काय खावं, किती हालचाल करावी, काय सोडावं. तरुण डॉक्टरांना ते सांगता येत नाही. ते एक तर पाढे म्हणतात, नाही तर घाबरवतात. खऱ्या रोग्यांवर त्यांनी सराव करणं बरं नव्हे. म्हणून नकली रोगी हवाय.

"पण मला अभिनय येत नाही," मी म्हटलं.

"येतो," बाई म्हणाल्या. "मी पाहिलाय."

इतक्या व्यग्र बाईंनी माझे गुण हेरावेत याचं बरं वाटलं.

नियम एकच. त्यांनी कपाटातून एक करड्या लोकरीची टोपी काढून दिली. ती डोक्यावर आहे तोवर मी रोगी, आणि माझ्या तोंडून निघेल ते सगळं त्या रोग्याचं. टोपी काढली की मी मी, आणि मग समोरच्या डॉक्टरला अभिप्राय द्यायचा: कुठे चुकलं, कुठे जमलं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, नाही तर शिकणाऱ्याची धांदल उडते.

घरी येऊन हिला सांगितलं. ही शाळेत गणित शिकवते. उत्तरपत्रिकांतून मान वर न काढता म्हणाली, "छान झालं. बुधवारी दुपारी ना?"

बुधवार मी अजून सांगितला नव्हता. गणिताच्या माणसांना वारांचं ज्ञान उपजत असावं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दोघं बागेला फेरी मारून आलो. परतताना हिने सहज विचारलं, "तपासणीचं काय झालं हो?"

"यंत्र बिघडलंय ना त्यांचं."

"अजून?"

"मोठं यंत्र आहे. वेळ लागतो."

"हो, मोठं असेल तर लागणारच," ही म्हणाली, आणि कुणाच्या तरी कुंपणावरची फुलं बघू लागली.

यंत्र बिघडल्याचं मी डिसेंबरात कुणाकडून तरी ऐकलं होतं. कुणाकडून ते आठवत नाही. बहुधा माझ्याचकडून.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी भीत नाही. बाकी सगळं पाळतो. रोज चालतो. हातापायांना जोर येईल असे व्यायाम करतो, त्यात भिंतीला ढकलण्याचा एक प्रकार आहे. भिंत अजून जागेवर आहे, पण प्रयत्न सोडलेला नाही. भाज्या, डाळी, फळं, कोंड्यासकट धान्य. सिगारेट सुटली, दारू सुटली. बेकरीतली लोण्याची बिस्किटं सुटली. त्यांचं दुःख सिगारेटपेक्षा जास्त झालं. राहिली ती एक तपासणी. रोग परतला असेल तर ती दुर्बीण सांगेल. नसेल तर तसं सांगेल. जे शोधलं नाही ते सापडत नाही, असं माझं सध्याचं तर्कशास्त्र आहे. गुरुजींनी या अनुमानाला शून्य दिलं असतं. पण गुरुजींना दुर्बीण घालून घ्यायची नव्हती.

११ फेब्रुवारी, बुधवार

पहिला प्रयोग. खोली लहान: एक टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात मोठ्या बाई परीक्षक म्हणून. मी बसचालक. उपचार संपलेत, सिगारेट सुटत नाही, चालायचा कंटाळा.

समोर एक तरुण डॉक्टरीण आली. गोल चष्मा, हातात पेन. मी टोपी घातली आणि ती सुरू झाली.

"नमस्कार काका आता तुमचे उपचार संपलेत तर रोज अर्धा तास तरी चाला भाज्या फळं वाढवा डबाबंद आणि खारवलेलं मांस टाळा साखरेची पेयं नकोत वजन आटोक्यात ठेवा सिगारेट पूर्ण बंद दारू बंद झोप पुरेशी घ्या कुणी सांगेल त्या पुड्या आणि गोळ्या घेऊ नका तपासण्या वेळेवर करा काही शंका?"

त्या मुलीचं नाव मी मेलगाडी ठेवलं. मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबली नाही.

"शंका नाही," बसचालक म्हणाला. "तुम्ही काय म्हणालात तेच कळलं नाही."

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शब्द तेच, वेग जास्त.

टोपी काढून अभिप्राय दिला. "बाळ, तुझ्या सांगण्यात एकही शब्द खोटा नाही. पण मी बसचालक आहे, हे तुला कळलं का? दिवसभर बसून असतो. थांब्यावर थांबलो की सिगारेट ओढतो. मी कुठे, केव्हा चालू? तू विचारलंच नाहीस. संस्कृतात पथ्य म्हणजे वाटेला धरून असलेलं. माझी वाट कुठली ते आधी विचार, मग पथ्य सांग."

हे मी इतकं छान बोललो की मलाच टिपून घ्यावंसं वाटलं. मोठ्या बाईंनी मान डोलावली. "सांगायला किती सोपं असतं नाही?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण रोख मेलगाडीवर असावा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज मी बेकरीवाला. स्वतःच्या बिस्किटांपुढे हतबल. भूमिकेचा अभ्यास करावा लागला नाही.

समोर दुसरा तरुण डॉक्टर: उंच, मऊ आवाजाचा, सांत्वनमूर्ती. बिस्किटाचं वर्णन करताना माझा आवाज जरा दाटला, तर त्याचेच डोळे भरून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "खा हो काका. एवढं सोसलंत. मनाला येईल ते खा."

"किती खाऊ?" बेकरीवाल्याने आशेने विचारलं.

"पोटभर!"

मोठ्या बाई कोपऱ्यात खोकल्या. टोपी काढून मी अभिप्राय दिला: डॉक्टर प्रेमळ आहे, रोगी लवकरच गोलाकार होईल. एखादं बिस्कीट केव्हातरी, हे ठीक. पण त्याची वेळ आणि संख्या रोग्याबरोबर बसून ठरवावी, रडत रडत ठरवू नये.

नंतर उपाहारगृहात मेलगाडी समोर येऊन बसली. चहा ढवळत म्हणाली, "काका, एक सांगू? मी मुद्दाम भराभर बोलते."

"का गं?"

"थांबले की ते काहीतरी विचारतात. परत होईल का, असं विचारतात. मला उत्तर येत नाही. बोलत राहिलं की त्यांना विचारता येत नाही."

मी तिला आमच्या धंद्यातली युक्ती सांगितली. वार्ताहराने एक प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं. शांतता कुणालाच सोसत नाही. समोरचा ती भरायला म्हणून बोलतो, आणि तेव्हाच बातमी मिळते.

"आणि त्याने असं काही सांगितलं की ज्याला उत्तर नाही, तर?"

"तर खुर्ची थोडी पुढे ओढायची. तेवढं पुरतं."

गंमत आहे. कुणी काही विचारू नये म्हणून बडबडणारी माणसं असतात, हे मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर हिला हे आणि दिवसभरातलं सगळं रंगवून सांगितलं, जेवण संपेपर्यंत सांगत होतो. तपासणीचं विचारायला तिला आज फुरसतच झाली नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ऊन सुरेख. बागेत दोन फेऱ्या मारल्या. पूर्वी मी पुढे आणि ही मागे, आता मी रमतगमत आणि ही बरोबर. बाकावर बसून एक नासपती दोघांत खाल्लं. तिने फोडी सारख्या केल्या, गणित.

हे वर्ष फार चांगलं चाललंय. दृष्ट लागेल म्हणून मोठ्याने म्हणत नाही.

हिला हल्ली झोप नीट लागत नाही. डोळ्यांखाली काळं दिसतं. मी सांगितलं, चहा कमी कर, झोपण्याआधी फोन बघू नकोस, दुपारी पडू नकोस, उत्तरपत्रिका लवकर आवर. "बरं, डॉक्टर," ती म्हणाली. परीक्षेचे दिवस आहेत, होतं असं.

टोपी तिने धुवून दिली. म्हणाली, "किती जणांचं डोकं आहे यात!" मी म्हटलं, "सगळी माझीच."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

उद्याची भूमिका मोठ्या बाईंनी फोनवर सांगितली. "सगळं पाळणारा रोगी. चालतो, नीट खातो, झोपतो. आदर्श. फक्त एक गोष्ट लपवतो."

"कोणती?"

"ते तुम्ही ठरवा. मला सांगू पण नका. त्या मुलीला ते काढून घेता येतं का बघू."

लेखकाला इतकं स्वातंत्र्य देणारी संपादिका मला उभ्या आयुष्यात मिळाली नाही. बसून पात्र रचलं. लाकडाच्या वखारीचा मालक, साठीचा, मिशा पिळणारा, बायकोला भिणारा. लपवतो काय? बराच विचार केला. मग ठरवलं: वखारीच्या मागे चोरून सिगारेट ओढतो, लाकडाचा भुसा असतो म्हणून बादलीत पाणी ठेवून ओढतो. तपशील बरा साधला आहे. समोर उद्या मेलगाडी.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

मी नेहमी मागच्या दाराने जातो. पुढच्या दाराशी दुर्बिणीच्या तपासणीचा विभाग आहे, तिथे उगाच गर्दी असते. आज मागचं दार रंगकामासाठी बंद. पुढून जावं लागलं. मान खाली घालून चाललो होतो, तर काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली.

"अहो काका! नोव्हेंबरात वाट बघितली की तुमची!"

"यंत्र बिघडलं होतं ना तुमचं?" मी म्हटलं. माझ्याच कानांना ते फार बारीक ऐकू आलं.

"कुठलं यंत्र? आमचं यंत्र माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी हिवाळ्यात दोनदा आडवी झाले, ते एकदाही नाही."

रांगेतल्या दोघातिघांनी वळून बघितलं. मी काहीतरी पुटपुटलो, जिने चढलो, खोलीत शिरलो, पिशवी मांडीवर घेतली आणि बसलो. मेलगाडी समोर होती. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. मोठ्या बाईंना वॉर्डात बोलावणं आलं होतं.

"नमस्कार काका. काय करता आपण?"

"लाकडाची वखार आहे."

"उपचार संपून किती झालं?"

"सव्वा वर्ष." वखारवाल्याचं मी दोन वर्षं ठरवलं होतं.

तिने एकेक विचारलं, आणि आज प्रत्येक उत्तर ऐकून मग पुढचं विचारलं. चालता का? कुठे? कुणाबरोबर? जेवणात काय? सिगारेट?

"सुटली," वखारवाला म्हणाला. इथेच त्याने अडखळायचं होतं. अडखळला नाही.

"मग छानच चाललंय की सगळं," ती म्हणाली. पेन खाली ठेवलं आणि गप्प बसली.

मीच शिकवलेली युक्ती. मला ती पुरती माहीत. तरीही ती शांतता वाढत गेली, बेसिनचा नळ ठिबकत होता, आणि वखारवाला म्हणाला, "एक राहिलंय. वर्षाची तपासणी. गेलोच नाही."

आता सुटणार गाडी, असं वाटलं. लवकर निदान, वेळेवर उपचार, सगळी स्टेशनं. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"का बरं?"

"वखारीत काम असतं."

"हं."

"आणि त्यांचं यंत्र बिघडलं होतं."

"हं."

"बिघडलं नव्हतं."

तिने पेन उचललं नाही.

"हे वर्ष फार चांगलं गेलं हो, डॉक्टर," वखारवाला म्हणाला. "असं वर्ष मला आधी कधी मिळालं नाही. आधी सगळी घाईत गेली. आता सकाळी चालतो, बायको बरोबर असते. फळाची फोड खाल्ली तर तिची चव लागते. ती नळी आत गेली की हे वर्ष संपलं. जोवर बघितलं नाही, तोवर मी बरा आहे."

"आणि बघितल्यावर?"

"जे असेल ते."

"ते आत्ताही आहेच ना, काका," ती हळू म्हणाली. "असलं तर आहे, नसलं तर नाही. दुर्बीण नुसती बघते. ती काही घेऊन येत नाही. असलंच काही, तर लहान असताना सापडलेलं बरं. तेव्हा हाताशी उपाय जास्त असतात."

"परत होईल का?" वखारवाल्याने विचारलं.

"मला माहीत नाही," मेलगाडी म्हणाली. ती थांबली होती तिथेच थांबली. "मला खरंच माहीत नाही. तुम्ही जे पाळताय त्याचा उपयोग आहे, पण ती हमी नाही. म्हणून तर बघायचं असतं." मग म्हणाली, "घरी माहीत आहे?"

"बायकोला वाटतं यंत्र बिघडलंय."

"त्यांना खरंच तसं वाटतं?"

वखारवाल्याने मांडीवरची पिशवी उगाच सारखी केली.

प्रयोग संपला होता. अभिप्राय द्यायचा म्हणून मी टोपी काढायला हात वर केला, आणि हाताला केस लागले. औषधांनंतर आलेले, पूर्वी कधी नव्हते तसे कुरळे. टोपी मांडीवरच्या पिशवीत होती, घडी घातलेली, साबणाचा वास येणारी.

मेलगाडीने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"मला वाटलं, आज तुम्ही मुद्दामच..."

"नाही," मी म्हटलं.

ती उठली. "अभिप्राय राहू दे, काका. चला, खाली काउंटरवर जाऊन येऊ. मला तिकडेच जायचंय."

तिला तिकडे जायचं नव्हतं. तिचं पेनही टेबलावरच राहिलं होतं. आम्ही दोन जिने उतरलो. काउंटरवरच्या बाईंनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली आणि म्हणाल्या, "यंत्राला निरोप देते."

वखारवाल्याने ऐनवेळी आपलं रहस्य का बदललं, कळत नाही. सिगारेट चांगली होती. पात्रं कधीकधी लेखकाचं ऐकत नाहीत, एवढंच म्हणता येईल.

संध्याकाळी ही भाजी निवडत होती. मी समोर बसलो, दोन शेंगा सोलल्या. मग सांगितलं, "शुक्रवारी जायचंय. सहा तारखेला. तपासणी."

"यंत्र दुरुस्त झालं का?"

"झालं."

"बरं झालं." तिने पातेलं जवळ ओढलं. "फार दिवस बिघडलं होतं बिचारं."

आणि मग उगाचच बराच वेळ तोंड धूत राहिली.

५ मार्च, गुरुवार

वैद्यकशास्त्राला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं? वर्षभर सांगत होते, कोंडा खा, भाज्या खा, बिया खा. आता उद्याच्या तपासणीसाठी भाज्या नकोत, कोंडा नको, बी तर दृष्टीस पडू नये. आज दिवसभर पातळ आणि पारदर्शक. दुपारपासून एक पोट साफ करणारं औषध, मोठा जग भरून. चव अशी की समुद्राने लिंबाची नक्कल करावी.

त्यानंतरचा भाग दैनंदिनीतही लिहिण्यासारखा नाही. घरातल्या एका छोट्या खोलीशी माझी घनिष्ठ मैत्री झाली आहे. ही दाराबाहेरून अधूनमधून विचारते, "आहात ना?" मी म्हणतो, "अजून आहे. थोडाच उरलोय."

भीतो का? हो. लिहून टाकलं. वर म्हटलं होतं भीत नाही, ते खोडत नाही; तेव्हा तसं वाटत होतं.

६ मार्च, शुक्रवार

झालं. गुंगीचं औषध दिलं, डोळे मिटले, उघडले, तोवर संपलंही होतं. ज्या गोष्टीसाठी मी चार महिने मागच्या दाराने फिरलो, ती मला आठवतही नाही.

मोठ्या बाई येऊन सांगून गेल्या. जुनी जागा स्वच्छ दिसते. दुसरीकडे आतड्याच्या अस्तरावर मसुरीएवढा एक मांसाचा कोंब होता, तो तिथल्या तिथे काढला. दिसायला निरुपद्रवी आहे, पण खात्रीसाठी तपासायला पाठवलाय. आठवड्याभरात कळेल. "असे कोंब लहानपणीच काढलेले बरे," त्या म्हणाल्या. "राहू दिले तर काही वर्षांनी त्यातला एखादा बिघडतो."

"यंत्रासारखा," ही म्हणाली. दोघी हसल्या. माझ्या डोळ्यांवर गुंगी होती, म्हणून मी त्यात पडलो नाही. या दोघींची इतकी ओळख केव्हा झाली कोण जाणे.

८ मार्च, रविवार

वाट बघणं चालू आहे. विचित्र म्हणजे मन शांत आहे. चालून आलो, जेवलो, दुपारी चहा घेत बसलो. ही उठली, खुंटीवरची टोपी घेतली आणि स्वतःच्या डोक्यात घालून माझ्यासमोर येऊन बसली. कानांपर्यंत आली ती तिला.

"आता मी रोगी," ती म्हणाली. "विचारा."

मी चहा बाजूला ठेवला. "बोला बाई. काय त्रास होतोय?"

"झोप येत नाही."

"केव्हापासून?"

"नोव्हेंबरपासून."

"हं. असं करा, चहा कमी करा, झोपण्यापूर्वी फोन, दुपारची—"

"डॉक्टर, मेलगाडी झालात."

मी थांबलो. खुर्ची पुढे ओढली. विचारलं, "का येत नाही झोप?"

"माझे मिस्टर तपासणीला जात नव्हते," रोगी म्हणाली. "विचारलं की यंत्र बिघडलंय म्हणायचे. मी बरं म्हणायचे. त्यांना झोप लागायची, मला नाही."

"मग खडसावलं का नाही?"

"खडसावलं असतं तर गेले असते. माझ्यासाठी. आणि काही निघालं असतं तर मला कायम वाटलं असतं, मीच पाठवलं म्हणून निघालं. वेडेपणा आहे, मला कळतं. मी गणित शिकवते. तरी." तिने टोपी कानांवर ओढली. "शेवटी त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, यांना काहीतरी काम द्या. स्वतःचं असलं की टाळतात, दुसऱ्याचं असलं की अगदी मन लावून करतात."

तिचा हात टेबलावर होता, त्यावर हात ठेवला. सांत्वनमूर्तीची पद्धत; इतकी वाईट नाही.

"आता झोप येते का?"

"परवापासून येते."

"मग टोपी काढ. अभिप्राय देतो."

तिने काढली. केस सगळे विस्कटलेले.

"भूमिका उत्तम," मी म्हटलं. "झोपेचा भाग तर हुबेहूब. फक्त ते डॉक्टरांना जाऊन भेटण्याचं उपकथानक पटत नाही. एक साधी शाळामास्तरीण एवढं नाट्य रचेल, हे संभाव्यतेला धरून नाही."

ही इतकी हसली, इतकी हसली, की टोपी चहात पडली.

१३ मार्च, शुक्रवार

कोंब निरुपद्रवी. कर्करोग नाही. पुढची दुर्बीण मोठ्या बाई ठरवतील तेव्हा. मधल्या रक्ताच्या तपासण्या वेळेवर, आणि बाकी चाललंय तसंच.

निकाल सांगायला मोठ्या बाईंनी मेलगाडीला बसवलं होतं. खरा रोगी, खरी बातमी. तिने आधी खुर्ची पुढे ओढली, मग एका वाक्यात सांगितलं, मग आम्हा दोघांना रडून घेऊ दिलं. त्यानंतर मात्र तिला राहवलं नाही. "तर काका चालणं चालू ठेवा भाज्या डाळी कोंडा जोराचे व्यायाम वजन झोप सिगारेट तर नाहीच..." गाडी सुटली. मी एकही स्टेशन मागितलं नाही. खुर्चीत रेलून शेवटपर्यंत ऐकलं, गाणं ऐकावं तसं.

"आणि लोण्याची बिस्किटं?" शेवटी विचारलं.

ती थांबली. हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कधी खावीशी वाटतात?"

"रविवारी. चालून आल्यावर."

"एक," ती म्हणाली. "दोघांत."

मागच्या दाराचा रंग वाळला आहे. पण आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो.

१५ मार्च, रविवार

चालून आलो. येताना बेकरीतून एकच बिस्कीट मागितलं, तर बेकरीवाला आमच्याकडे असा बघत राहिला की जणू आम्ही दुकान विकत मागतोय. घरी हिने ते मधोमध तोडलं. अर्ध्याअर्ध्याचा तिचा अंदाज आज चुकला. मोठा तुकडा माझ्या बशीत आला. मी तो लगेच तोंडात टाकला.

मग वर्तमानपत्र उघडलं. माझंच बातमीपत्र होतं, दोन चुका छापल्या होत्या. कुरकुरत वाचत होतो. थोड्या वेळाने वाटलं, खोलीत फारच शांत आहे. मान वर केली.

ही समोर बसली होती, डोक्यात टोपी. चहाचा डाग अजून गेलेला नाही.

मी वर्तमानपत्राची घडी घातली, बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.